उल्हासच्या काठी जबाबदारी कोणाच्या नावावर?

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे खाडी होऊन ठाणे-वसईच्या दिशेने जाते. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. एवढ्या छोट्या प्रवासात ती आणि तिला मिळणारे ओढे-नाले रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतून, बदलापूर आणि अंबरनाथ या दोन नगरपालिकांतून, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे अशा एकापाठोपाठ एक महापालिकांच्या कडेने वाहतात. मध्ये एमआयडीसीच्या वसाहती आहेत, त्यांचे नियोजन प्राधिकरण वेगळे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ठाणे आणि कल्याण असे दोन वेगळे प्रादेशिक विभाग आहेत. या प्रत्येक ठिकाणी एक खुर्ची आहे, त्या खुर्चीवर एक अधिकारी आहे आणि त्याला जाब विचारायचा झालाच, तर तो फक्त त्याच्या हद्दीपुरता विचारला जातो.

अधिकाऱ्यांच्या पर्यावरणीय कामगिरीचे लेखापरीक्षण केले, तर कारखान्यांचे प्रदूषण खरोखर कमी होते का? आणि एका हद्दीत कमी झाले, तर शेजारच्या हद्दीचे काय होते? जगभरात गेली पंधरा-वीस वर्षे या प्रश्नांवर गंभीर काम झाले आहे. आपल्याकडे या प्रश्नाची सगळी अंगे एकाच ठिकाणी पाहायची, तर ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा पट्टा सोडून दुसरीकडे जायची गरज नाही.

डोंबिवलीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या मदतीने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. ७० पेक्षा जास्त गुण म्हणजे परिस्थिती अतिगंभीर. डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. महाराष्ट्रात तिच्या पुढे फक्त चंद्रपूर होते. औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर तिच्या मागे. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या गेल्या, मग टप्प्याटप्प्याने ती बंदी उठत गेली. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ माणसे गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. २०२४ च्या मे महिन्यात अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट, पुन्हा दहाहून अधिक मृत्यू.

या दशकभराच्या यादीत प्रत्येक वेळी कारखान्याचे नाव आले. मालकावर गुन्हा, चौकशी समिती, पंचनामा, नोटिसा हे सगळे झाले. पण त्या त्या वर्षी त्या कारखान्यावर देखरेख ठेवण्याचे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे होते, त्याने किती वेळा पाहणी केली आणि काय शेरा लिहिला, हे सामान्य डोंबिवलीकराला सहज कळेल अशा रीतीने कधी मांडले गेले नाही. एका रासायनिक कारखान्यावर एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, बाष्पके संचालनालय आणि अग्निशमन दल अशा पाच-पाच यंत्रणांची नजर असते. पाचही जण पाहत असले, की न दिसल्याचा दोष कोणा एकाचा राहत नाही. निर्देशांकाचे तेच. ७८.४१ हा आकडा डोंबिवलीच्या नावावर चढला. तो खाली आणण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर चढली नाही.

त्यात डोंबिवलीच्या बाबतीत हद्दीचा घोळ जुनाच आहे. महापालिका १९८३ मध्ये झाली. एमआयडीसीला वेढणारी २७ गावे तेव्हा तिच्यात होती, २००२ मध्ये ती बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली आणि त्यानंतरही वाद चालूच राहिला. म्हणजे नाला तोच, कारखाने तेच, पण महापालिका आयुक्ताने त्याकडे पाहावे की नाही, हे दर काही वर्षांनी बदलत गेले. गावकऱ्यांच्या मागणीत तथ्य असेल-नसेल, तो वेगळा विषय. प्रदूषणाच्या दृष्टीने मात्र अशी धरसोड घातकच. ज्याची हद्द पक्की नाही त्या जमिनीवर कोणीच यंत्रणा उभारत नाही.

कायद्यात अधिकाऱ्याला जबाबदार धरण्याची तरतूदच नाही असे कोणी समजू नये. ती पन्नास वर्षांपासून आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम ४८ सांगते की, एखाद्या सरकारी खात्याने गुन्हा केला, तर खातेप्रमुख दोषी मानला जाईल. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. वाचायला हे कलम कडक आहे. २०२४ च्या दुरुस्तीने त्यातली शिक्षा काढून दंड आणला: खातेप्रमुखाच्या एका महिन्याच्या मूळ वेतनाएवढा. ही दुरुस्ती आधी मोजक्या राज्यांना लागू झाली, इतरांनी ठराव करून ती स्वीकारायची आहे. तुरुंगाची भीती कधी प्रत्यक्षात आली नाही, त्यापेक्षा वसूल होणारा दंड बरा, असा युक्तिवाद करता येतो आणि तो मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण एका महिन्याचा पगार म्हणजे कलमाची धार बोथट करणेच आहे. शिवाय तो दंड लावायला आधी नुकसान कोणाच्या काळात झाले हे ठरवावे लागेल, आणि तो हिशेब ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

हिशेबाची कागदपत्रे मात्र भरपूर आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे प्रत्येक आयुक्ताने दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. ठाण्याचे, कल्याण-डोंबिवलीचे असे अहवाल निघतात. त्यांत हवेचे, पाण्याचे, आवाजाचे तक्ते असतात, झाडांची मोजणी असते. ज्याच्या कामाचे मूल्यमापन व्हायचे तोच हा अहवाल तयार करवतो. महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक असतात, स्थानिक निधी लेखापरीक्षा असते, पण ते पैशाचा माग काढतात. मलप्रक्रिया केंद्रावर खर्च नियमाप्रमाणे झाला का, हे ते पाहतील. त्या केंद्रानंतर नाल्याचे पाणी सुधारले का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. कारखान्यांच्या बाजूलाही १९९२ पासून एक वार्षिक विवरण आहे, पर्यावरण संरक्षण नियमांतला नमुना ५. आधी त्याला पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल म्हणत, पुढच्याच वर्षी ते नाव सौम्य होऊन पर्यावरण विवरणपत्र झाले. कारखाना स्वतः भरतो आणि ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पाठवतो.

या कागदांच्या पलीकडे जाऊन प्रश्न न्यायालयात नेला तो ‘वनशक्ती’ या संस्थेने. उल्हास आणि तिला मिळणाऱ्या वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१३ मध्ये तिने राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अर्ज केला. जुलै २०१५ मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाचे महत्त्व रकमेपेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. प्रदूषणाचा हिशेब नदीच्या लांबीवर मांडण्याचा या भागातला तो पहिला मोठा प्रयत्न होता. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, बदलापूर हे सगळे एकाच प्रकरणात समोर उभे राहिले. तोपर्यंत प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवत होता आणि वरचा एमआयडीसीकडे.

डोंबिवलीत खंबाळपाड्याच्या बाजूला जो नाला खाडीला जातो, त्यात वस्तीचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी एकत्र होते. वसाहतीत दोन सामायिक केंद्रे: कापड प्रक्रिया उद्योगांसाठी रोज १६ दशलक्ष लिटर क्षमतेचे, रासायनिक उद्योगांसाठी दीड दशलक्ष लिटरचे. प्रक्रिया झालेले, न झालेले, घरचे, कारखान्याचे, सगळे पाणी एकत्र आल्यावर नमुना घेतला, तर त्यातला सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) कोणाचा हे कसे सांगणार? महापालिका म्हणते उद्योगांचा, उद्योग म्हणतात महापालिकेचा. आकारमानाने घरगुती मैलापाणी जास्त, विषारीपणात उद्योगांचे पाणी जास्त, त्यामुळे दोघांच्याही म्हणण्यात थोडे सत्य असते आणि टोलवाटोलवीला तेवढे पुरते.

दंड कोण भरतो, हेही पाहायला हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या अपयशाबद्दल महाराष्ट्र सरकारला १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. एवढा मोठा आकडा एका राज्याच्या नावावर पडतो, तेव्हा तो शेवटी कल्याणच्या घरपट्टीतून आणि राज्याच्या तिजोरीतून जातो. नदीकाठी राहून दुर्गंधी सोसणारा माणूसच ती भरपाई देतो. ज्यांच्या कारकिर्दीत प्रक्रिया केंद्र बंद राहिले ते अधिकारी एव्हाना दुसऱ्या जिल्ह्यात असतात. महाराष्ट्रात २००५ च्या बदली कायद्याने अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. मोठ्या शहरांच्या आयुक्तांना तेवढाही अनेकदा मिळत नाही. मलप्रक्रिया केंद्र मंजुरीपासून चालू होईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो. एकाने भूमिपूजन करायचे, दुसऱ्याने ठेकेदार बदलायचा, तिसऱ्याने नोटीस घ्यायची.

चीनने नेमक्या याच दुखण्यावर औषध शोधले. २०१५ मध्ये तिथे पर्यावरणाच्या हानीसाठी पक्षाच्या आणि सरकारच्या अधिकाऱ्यांना आजन्म जबाबदार धरणारे नियम आले. बदली झाली म्हणून सुटका नाही. पाठोपाठ पद सोडताना नैसर्गिक संपत्तीचे लेखापरीक्षण करण्याची पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०१८ पासून ती देशभर लागू झाली. अधिकारी आला तेव्हा जमीन, पाणी, हवा कशी होती आणि जाताना कशी आहे, याचा ताळा. त्याआधी २००७ मध्ये ताइहू सरोवरात शेवाळ माजून वुशी शहराचे पाणी तुटले, तेव्हा तिथे प्रत्येक नदीला एकेक अधिकारी नेमून त्याचे नाव काठावर पाटी लावून जाहीर करण्याची प्रथा पडली.

याचे कौतुक करताना चिनी राज्यव्यवस्था विसरून चालणार नाही. तिथे अधिकाऱ्याची बढती वरून ठरते, वृत्तपत्रे आणि न्यायालये मोकळी नाहीत, आणि आकडे दडपण्याची प्रवृत्ती आपल्याइतकीच किंवा जास्त आहे. तरीही तिथल्या अनुभवातून एक धडा फार स्वच्छ निघतो, आणि तो शेजाऱ्यांबद्दलचा आहे. २००१ नंतर प्रांतांवर प्रदूषण घटवण्याची उद्दिष्टे लादली गेली. काई, चेन आणि गाँग या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की, त्यानंतर प्रांताच्या सर्वांत खालच्या टोकाच्या तालुक्यात, म्हणजे जिथून नदी दुसऱ्या प्रांतात जाते तिथे, पाणी प्रदूषित करणारे उद्योग इतर सारख्या तालुक्यांपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त झाले. प्रांताने घाण कमी केली नाही, कडेला नेली. दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, नदीवरच्या सरकारी तपासणी केंद्राच्या लगेच वरच्या बाजूला असलेल्या कारखान्यांवर खूप कडक बंधने आली, इतकी की त्यांची उत्पादकता खालच्या कारखान्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांहून अधिक घटली. केंद्राच्या लगेच खाली असलेल्यांना मात्र कोणी हात लावला नाही. अधिकाऱ्याचे गुण केंद्रावरच्या आकड्यावर ठरत होते, केंद्राखालच्या पाण्याचे त्याला काय?

ही खोड फक्त चीनची नाही. ब्राझीलमध्ये तालुक्यांच्या सीमा वारंवार बदलल्या गेल्या, त्याचा फायदा घेऊन लिप्सकॉम्ब आणि मुबारक यांनी नद्यांचे पाणी तपासले. नदी तालुक्याबाहेर जाण्याच्या सीमेकडे सरकते तसतसे दर किलोमीटरला प्रदूषण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत जाते असे त्यांना आढळले. आपल्या २७ गावांची ये-जा पाहिली, की असा अभ्यास कल्याणलाही करता आला असता असे वाटते.

उल्हासच्या खोऱ्यात ही सरकासरक उघड्या डोळ्यांनी दिसते. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांचे निळे पाणी वालधुनीत जात होते. न्यायालयीन दट्ट्यानंतर २०१८ च्या सुमारास तिथे कारवाई झाली, वीज-पाणी तोडले गेले. त्यानंतर असेच कारखाने कल्याण पूर्वेच्या आणि मलंगगड रस्त्याकडच्या गावांत चालू असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. उल्हासनगरच्या अधिकाऱ्याच्या हिशेबात ते बंद झालेले. खोऱ्याच्या हिशेबात ते पाच-दहा किलोमीटर सरकलेले. मजुरांचे तर दोन्हीकडून नुकसान, कारण कारखाना हलला की आधी रोजगार जातो आणि नव्या जागी पूर्वीपेक्षाही आडोशाला काम करावे लागते.

टँकर तर हद्दीची फिकीरच करत नाही. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वडोल गावाजवळ वालधुनीत पहाटे रसायन ओतले गेले आणि उठलेल्या वायूने शेकडो माणसे रुग्णालयात गेली. घातक रसायनांची शास्त्रीय विल्हेवाट महाग असते. जिथे तपासणी कडक होते, तिथला माल रात्री टँकरने जिथे ढिली आहे तिथे जातो. एखाद्या वसाहतीतल्या नाल्याचे आकडे अचानक सुधारले, तर खरा लेखापरीक्षक आधी हे विचारेल की, कच्चा माल तेवढाच येत असताना टाकाऊ रसायन गेले कुठे. उत्पादन, कच्चा माल आणि कचरा यांचा मेळ घालणे हेच या कामाचे मर्म आहे. नदीचा नमुना हा त्याचा अर्धाच भाग.

डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवण्याचा प्रश्नही याच नजरेतून पाहायला हवा. वस्ती कारखान्यांच्या भिंतीला टेकली आहे, त्यामुळे काही कारखाने हलवणे अपरिहार्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रत्येक दुर्घटनेनंतर तशी घोषणा होते, पाताळगंगा परिसराचे नाव त्यात येते. पण पाताळगंगाही नदीच आहे आणि तिचेही पाणी माणसे पितात. कारखाना हलवताना त्याच्या प्रक्रियेच्या अटी, सुरक्षेच्या त्रुटी, आजवरच्या नोटिसांचा इतिहास यांची फाईल त्याच्याबरोबर नव्या विभागात गेली नाही, तर डोंबिवलीचा निर्देशांक सुधारेल आणि रायगडचा बिघडेल.

उलट दिशेची चूकही होऊ शकते, आणि तिचे उदाहरण म्हणजे ठाणे शहर. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. त्या पट्ट्यात आणि कोलशेत-बाळकुम भागात मोठमोठे कारखाने होते. आज तिथे बहुतांशी निवासी संकुले आणि कार्यालये आहेत. ठाण्याचे औद्योगिक प्रदूषण घटले ते मुख्यतः जमिनीच्या भावामुळे आणि कामगारांनी रोजगार गमावल्यामुळे. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हाही नदीवरचा एक भार कमी झाला. त्याचे श्रेय कोणत्याही अधिकाऱ्याला देता येणार नाही. पद सोडतानाचा ताळा सरळ आकड्यांवर काढला, तर ठाण्याच्या आयुक्ताला न केलेल्या कामाचे गुण मिळतील आणि कल्याणच्या आयुक्ताला बदलापूर-अंबरनाथहून आलेल्या पाण्याची शिक्षा. म्हणून कोणाच्याही कामाचे मोजमाप करायचे, तर हद्दीत शिरणारे पाणी आणि हद्दीतून बाहेर पडणारे पाणी या दोन्ही ठिकाणी मोजावे लागते. दोहोंमधला फरक एवढाच त्या अधिकाऱ्याचा हिशेब.

आता लेखापरीक्षण करणाऱ्याबद्दल. या विषयावरचा जगातला सर्वांत ठोस प्रयोग आपल्या शेजारी गुजरातमध्ये झाला. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १९९६ पासून काही कारखान्यांना बाहेरच्या संस्थेकडून पर्यावरण लेखापरीक्षण करून घेणे सक्तीचे होते, पण लेखापरीक्षक निवडायचा आणि त्याचे पैसे द्यायचे काम कारखान्याचेच. २००९ ते २०११ या काळात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरतेच्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. जुन्या पद्धतीत अहवालांप्रमाणे जेमतेम ७ टक्के कारखाने धूलिकणांची मर्यादा ओलांडत होते. फेरतपासणीत तो आकडा ५९ टक्के निघाला. मग निम्म्या कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठी काढून नेमले, मेहनताना सामायिक निधीतून दिला, अचानक फेरतपासणी ठेवली आणि खऱ्या आकड्यांसाठी पैसे दिले. खोटे ‘मर्यादेत आहे’ असे सांगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

याच चमूच्या दुसऱ्या अभ्यासातली गोष्ट महाराष्ट्राने जास्त लक्षात घ्यावी: नुसत्या तपासण्या दुप्पट केल्याने सरासरी प्रदूषण फारसे हलले नाही. प्रत्येक दुर्घटनेनंतर आपल्याकडे ‘सर्व कारखान्यांची तपासणी’ जाहीर होते. तपासणीची संख्या हा सोपा आकडा आहे. तपासणारा कोणाच्या पैशावर जगतो आणि त्याचा शेरा पुढे कोण वाचतो, यावर परिणाम ठरतो. महाराष्ट्र मंडळाने २०१७ मध्ये चिमणीतल्या धुराच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते लोकांपुढे ठेवण्याची योजना सुरू केली, हे पाऊल मला मोलाचे वाटते. त्याच पद्धतीने देखरेख करणाऱ्या कार्यालयांचेही मूल्यमापन व्हायला काय हरकत आहे? कल्याण विभागाच्या कार्यालयाने वर्षभरात किती संयुक्त नमुने घेतले, किती नापास झाले, किती बँक गॅरंट्या जप्त केल्या, बंदचे किती आदेश दिले आणि त्यांतले किती किती दिवसांत मागे घेतले, हे एका पानावर मांडता येईल. त्याच पानावर रिक्त पदांचा आकडाही हवा, कारण मनुष्यबळाविना जाब विचारणे अन्याय होईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम आणले आहेत. नोंदणीकृत लेखापरीक्षक असतील आणि हितसंबंध टाळण्यासाठी त्यांची नेमणूक यादृच्छिक पद्धतीने होईल. गुजरातच्या धड्याचा एक भाग इथे उतरला आहे. परंतु हे लेखापरीक्षण कारखान्यांचे आहे, कार्यालयांचे नाही, आणि एकेका कारखान्याचे आहे, खोऱ्याचे नाही. ते उल्हासच्या कामी यायचे असेल, तर तीन-चार गोष्टी राज्याला आपल्या अधिकारात करता येतील. पाणी बदलापूर, जांभूळ, मोहने आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरला तपासले जातेच. त्याला वालधुनीच्या आणि डोंबिवलीच्या नाल्यांच्या तोंडाची जोड देऊन प्रत्येक बिंदू कोणत्या दोन संस्थांमधली सीमा आहे हे जाहीर करायचे. अंबरनाथ-उल्हासनगरमधल्या कारखान्यांचे लेखापरीक्षण अहवाल कल्याणच्या आयुक्ताकडे आणि डोंबिवलीचे अहवाल ठाण्याच्या आयुक्ताकडे आपोआप जातील, आणि त्यांनी त्यावर लेखी मत द्यायचे. खालच्या गावाइतके वरच्या गावाच्या पाण्याकडे बारकाईने कोण पाहणार? आयुक्त, मंडळाचे प्रादेशिक अधिकारी आणि एमआयडीसीचे कार्यकारी अभियंते यांची बदली होताना आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे त्यांच्या काळातले आकडे गोपनीय अहवालाला जोडायचे, आणि ते पर्यावरण सद्यस्थिती अहवालातही छापायचे. यांतल्या बऱ्याच गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. पुढच्या ३१ जुलैपूर्वी कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहात अहवाल ठेवला जाईल, तेव्हा मोहन्याला आलेले पाणी आणि रेतीबंदरला गेलेले पाणी यांचे दोन रकाने त्यात आहेत का, एवढे नगरसेवकांनी आणि पत्रकारांनी आधी पाहावे.